घरात पुरुषमाणूस आहे का?

रूसे, मिरच्या भाजायचे शेवटचे दिवस

तीर्थरूप अण्णांच्या चरणी डॅन्यूबकाठच्या मंदेचा साष्टांग नमस्कार. (गुडघा सुजल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं वाकली आहेत, उरलेली दोन वसंतात वाकवीन.) तुमचा रक्तदाब, वहिनींची कंबर आणि गच्चीतला कढीलिंब या तिघांची प्रकृती बरी असावी. माझी उत्तम आहे, कारण सबंध शरद ऋतू मी रागात काढला आणि रागाने अंगात ऊब राहते. या पत्रात मी काहीही मागणार नाही. फक्त भांडणार आहे, आणि पहिलं भांडण तुमच्याशीच.

उन्हाळ्यात मी सहज लिहिलं होतं, की आमच्या इमारतीत माझ्या डोक्यावर दोन अमेरिकन पोरं राहायला आली आहेत, मॉर्मन पंथाची, दारोदार जाऊन धर्म सांगतात. त्यावर तुम्ही काय लिहिलंत? ‘घर सोडून आलेली लेकरं आहेत, एकदा जेवायला बोलाव.’ वाईला झोपाळ्यावर बसून सल्ला द्यायला काय जातं! बोलाव म्हणे. जणू बोलावलं की माणूस आत येतो.

आधी पोरं कशी ते सांगते, म्हणजे माझा राग तुम्हाला नीट समजेल. पांढरा सदरा, टाय, छातीवर काळी पाटी आणि पाटीवर ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारे. वडीलधारे! मोठा एल्डर टोलमन वीस वर्षांचा, धाकटा एल्डर ऑलरेड एकोणीसचा, आणि दोघांना मिळून एक दाढी येत नाही. पहाटे उठतात, पोथी वाचतात, मग दिवसभर लोकांची दारं तोंडावर आपटून घेत हिंडतात, स्वखर्चाने. कॉफी नाही, चहा नाही, दारू तर नाहीच. आणि या गावात ज्याने कॉफी नाकारली त्याने यजमानाच्या आईला शिवी दिल्यासारखं आहे, म्हणजे निम्मी दारं तिथेच बंद. एकटा कधी दिसायचा नाही. आपल्या संस्कृताबाहेर द्विवचन कुठे शिल्लक असेल तर ते या पोरांत. अश्विनीकुमार म्हणावेत तर अश्विनीकुमार निदान वैद्य तरी होते. यांना साधा भात शिजवता येत नाही. कढईतलं उभ्याउभ्या खातात. मला खालून ऐकू येतं, चमचा कढईवर घासतो आणि खुर्ची मात्र सरकत नाही.

तर सप्टेंबरात माझ्या स्वयंपाकघरातला नळ भिंतीसकट निघून हातात आला. पाण्याचा लोट! मी ओरडले. दोघे वरून धावत आले आणि उंबऱ्याशी असे थांबले जणू कोणी रेघ ओढली आहे. पाणी त्यांच्या बुटांपर्यंत आलं. टोलमन तिथूनच अदबीने विचारतो, “बाई, घरात कोणी पुरुषमाणूस आहे का?”

मी म्हटलं, “आहे की, भिंतीवर.” (आमच्या कैलासवासी इवायलोचा फोटो तुम्हाला माहीत आहे, मिशांचा.)

“फोटो चालत नाही, बाई,” तो खरोखरच खंतावून म्हणाला. “बाई एकट्या असतील तर आम्हाला घरात पाऊल टाकता येत नाही. तसा नियमच आहे.”

“अरे, मी पंचावन्न वर्षांची आहे, आणि बुडते आहे!”

“हो, बाई. मी आत्ता कोणालातरी आणतो.” आणि धाडधाड जिना उतरून गेला. धाकटा दारात उभा राहून हातातल्या पोथीच्या पिशवीने पाणी मागे ढकलत होता. शास्त्रात उत्सर्ग, म्हणजे सामान्य नियम, असतो तसा अपवादही असतो, हे यांच्या गुरूने शिकवलेलंच नाही! आणि आणला कोणाला? सबंध रूसे शहरातून नेमका बाय रादकोला. (इथे ‘बाय’ म्हणजे आपला ‘राव’, या माणसाला तो शोभत नाही.)

हाच तो धूमकेतू, अण्णा. रेल्वेतून निवृत्त झालेला, विधुर, माझ्याखाली राहतो आणि दर शरदात गच्चीत भट्टी मांडून पोतंभर तांबड्या मिरच्या भाजतो. धूर माझ्या दोरीवरच्या पैठणीत शिरतो. तीन वर्षं मी त्याच्याशी शब्द बोलले नव्हते. तो वर येतच होता, उघडी छत्री घेऊन, कारण माझं पाणी त्याच्या छतातून त्याच्या बरण्यांवर गळत होतं. “वा, प्रोफेसरीण बाई,” म्हणाला, “शेवटी माझी भट्टी विझवलीतच.” तो आत आला, आणि त्याच्यामागून पोरं आत आली, टाय खांद्यावर टाकून, बाह्या दुमडून. गालिचे पिळले, फरशी पुसली, कपाटं हलवली, दिवेलागणीपर्यंत. मी त्यांच्यावर धड रागावूही शकले नाही, याचा मला जास्त राग आला.

इथवर ठीक होतं. ऑक्टोबरात धाकट्याची आजी गेली, तिकडे आयडाहोत, बटाट्याच्या शेतावर. आईबापाविना पोर, आजीनेच वाढवलेलं. त्यांना आठवड्यातून एकदा, सोमवारी, घरी फोन करायची मुभा असते. सोमवारी कपडे धुतात, केस कापतात आणि फोन करतात. म्हातारी दर सोमवारी एकच विचारायची, ‘टेबलाशी बसून जेवलास ना? उभ्याने नाही ना?’ आणि हा सत्यवचनी पंथाचा पोरगा दर सोमवारी बिनदिक्कत खोटं सांगायचा, ‘हो आजी, बसून.’ त्या सोमवारी फोन लागला तो मामाने उचलला. हे सगळं मला कळलं जिन्यात, कारण तो जिन्यात बसला होता.

मी विचारलं, “मग घरी नाही का जायचं?”

“नाही बाई. वाटलं तर जाता येतं, पण आजी मला परत भेटणार आहे. आमच्यात कुटुंब कायमचं असतं. मग अर्धवट सोडून कशाला जायचं?”

“भेटणार आहे ना? मग रडतोस कशाला?” (मी असं बोलायला नको होतं, पण मला फार राग आला होता. मृत्यूवर इतका स्वच्छ उपाय असलेला माणूस रडताना बघवत नाही.)

तो म्हणाला, “तोवर सोमवारी काय करू?”

अण्णा, त्या दिवसापासून पोरगं खाईना. त्यांच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो. याने उपास धरला तो सोडायचं नावच घेईना. गालफडं बसली. तुमचा सल्ला आठवून मी म्हटलं, या माझ्याकडे, टेबलाशी बसा. टोलमन म्हणाला, नियम. मग मी पातेली जिन्यात आणली. वरणभात, वर बानित्सा (इथला चीज भरलेला पापुद्र्यांचा पदार्थ), पायरीवर दोघे आणि माझ्या दारात मी, मांडीवर ताटं. जिना सार्वजनिक, जिन्याला निषेध नाही. तर खालची त्सोंका मावशी आली. इमारतीचा कारभार तिच्याकडे, म्हणजे दिवे, कचरा आणि सगळ्यांची अब्रू. “हळद सांडलीये पायरीवर! आणि पंथवाल्यांना लंगर घातलाय! उद्या आमचे देव काढून नेतील ही पोरं!” मी म्हटलं, “तुमचे देव तुम्ही इस्टरशिवाय बघता तरी का? नेले तर कळेल तुम्हाला?” ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, तेवढीच शांतता. पण ऑलरेडने दोन घास खाल्ले आणि ताट खाली ठेवलं. जिना म्हणजे टेबल नव्हे, हे त्यालाही कळत होतं.

मी टोलमनला गाठलं आणि चांगला फैलावर घेतला. “तुझा नियम मोठा की हे पोर? उद्या आडवं झालं तर देवाला काय सांगशील, नियम पाळला म्हणून?”

तो हळूच म्हणाला, “बाई, मी नियम मोडला तर आम्हाला वेगळं करतील. मला एकीकडे, त्याला एकीकडे. पहाटे तो उठत नाही, तेव्हा मी त्याचे बूट पुसून पलंगाशी ठेवतो. दुसरा कोणी ठेवेलच असं नाही.”

संताप करायला गेलं की ही पोरं अशी काहीतरी बोलतात आणि माणसाची वाफ निघून जाते.

इथे मेलेल्या माणसाच्या चाळिसाव्याला गहू उकडून, साखर-अक्रोड घालून शेजाऱ्यांना वाटतात. चाळिसावा जवळ आला तसं मी ठरवलं, म्हातारीचा गहू माझ्या घरी, माझ्या टेबलाशी होणार. म्हणजे पुरुष हवा. मी एक मजला उतरले. (सूज कमी असती तरी तो जिना मला लांबच वाटला असता.) रादकोने दार उघडलं, हातात भाजून काळी झालेली मिरची.

“काय, पुन्हा पूर आला?”

“नाही. रविवारी दुपारी माझ्या घरी येऊन बसा.”

“का?”

“तुम्ही पुरुष आहात म्हणून.”

तो माणूस पाच मिनिटं हसला असेल. “प्रोफेसरीण बाई, हे मला बायकोसुद्धा खात्रीने सांगत नव्हती!”

आला मात्र वेळेवर, लग्नातला कोट घालून, बगलेत राकियाची, म्हणजे इथल्या फळांच्या दारूची, बाटली. त्सोंका मावशीने, तिला कोणी न सांगता, धाकट्याकडून फोटो मागून घेऊन इमारतीच्या दारावर म्हातारीची तो फोटो छापलेली मृत्यूची सूचना चिकटवून ठेवली होती, इथल्या रिवाजाप्रमाणे. ट्रॅक्टरवर बसून हसणारी आजी, वर ठसठशीत क्रूस. टोलमन कसनुसा झाला, त्यांच्यात क्रूस लावत नाहीत. “मेल्यावर सगळे आमच्या इमारतीतले,” मावशी गरजली आणि वाडगं पुढे करून गहू मागितला. रादकोने म्हातारीच्या नावाने राकियाचे चार थेंब जमिनीवर सोडले, माझ्या पुसलेल्या फरशीवर! पोरांनी लिंडनच्या फुलांच्या काढ्याचे सोडले. ऑलरेडने गव्हाचा पहिला चमचा तोंडात घातला आणि थांबला.

“हा आमच्या आजीचा नाश्ता आहे,” म्हणाला. “तळघरात गव्हाचे डबे असायचे, वाईट दिवसांसाठी साठवलेले. पण ती म्हणायची, वाईट दिवसांची वाट बघत कशाला बसायचं? आणि रोज सकाळी उकडायची.”

आणि खाल्लं, अण्णा. दोन्ही कोपरं टेबलावर टेकून, वाडग्यामागून वाडगं. रादकोने बोलत बोलत पातेलं त्याच्याकडे सरकवलं. मग पोरगं खुर्ची मागे सरकवून उठलं. खुर्ची सरकल्याचा आवाज मला इतका बरा वाटला, की मी उठून भांडीच घासायला लागले.

हे सगळं चांगलं झालं, मग राग कशाचा, असं विचाराल. राग रादकोचा! त्याने ही नेमणूक कायमची धरली आहे. दर सोमवारी पोरं माझ्याकडे जेवायला येतात, तर हा त्यांच्या आधी हजर, इवायलोच्या खुर्चीत पाय पसरून. वरणात मीठ कमी, बानित्सा जळली, संस्कृत शिकून माणसाला नळ का बसवता येत नाही, यावर व्याख्यानं. पोरं त्याच्या विनोदांना हसतात. टोलमन त्याला धर्म सांगतो, तो टोलमनला वाफेची इंजिनं सांगतो. मी माझ्याच घरात श्रोता झाले आहे. तर आता थांबते, हात दुखला. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, तुम्हाला पुन्हा सहा अंगांनी दंडवत.

तुमची संतप्त भगिनी,
मंदा

ता. क. मागणार नाही म्हटलं होतं, तेव्हा मागते. अण्णा, हिवाळ्यापुरते इकडे येऊन राहा. काम काही नाही, घरात पुरुषमाणूस म्हणून बसायचं आणि जेवायचं. पत्र संपवलं तोच ऑलरेडची बदली सोफियाला झाली, शिक्षा म्हणून नव्हे, नेहमीच्या पाळीने. जाताना दारात, उंबऱ्यापलीकडेच उभा राहून, म्हणाला, ‘बाई, माझ्या जागी जो येईल त्यालाही टेबल लागेल.’ त्याचीही कुठेतरी आजी असेल आणि तोही तिला खोटं सांगत असेल. टोलमनने आत्तापासूनच नव्याच्या पलंगाशी जागा करून ठेवली आहे, बुटांसाठी. तुम्ही आलात की रादकोला घालवता येईल. लोकरीचे मोजे आणा.

ता. क. दुसरा. मोजे आणायची घाई नको, तिकिटाचीही नको. रादकोने भट्टी गच्चीतून उचलून खाली अंगणात नेली. मी काही बोलले नव्हते. फक्त पैठणी दोरीवर घातली होती.

ता. क. तिसरा. पत्र टाकायला निघाले, तर रादको आत्ताच विचारून गेला, की नियमाला पुरुष लागतोच आहे, तर दर सोमवारी जिना चढण्यापेक्षा तो कायमचाच वर राहिला तर? मी संतापून धाडकन दार लावून घेतलं. ‘विचारून गेला’ असं वर चुकून लिहिलं आहे. दार लावलं तेव्हा तो आतच होता.