मास्तरांच्या दारापुढची फरशी

घरच्या मालकीणबाईंस कंत्राटदाराचा सप्रेम नमस्कार.

मी खुशाल आहे, जेवतो वेळेवर. इथल्या स्टेशनात आम्ही उठावाच्या फरश्या बसवतोय. पायाला लांब रेघा लागल्या की चालत राहायचं, ठिपके लागले की थांबायचं. तुझ्यासारखी, डोळ्यांनी दिसत नाही अशी माणसं त्यावरून एकटी ऐटीत जातात. कुणाचा हात धरावा लागत नाही.

परवा फोनवर तुझ्यामागून शेजारचे मास्तर म्हणाले, "सांभाळून, पायरी आहे." फारच जवळून म्हणाले. बाजारात हल्ली तुला माझ्या ताईऐवजी तेच नेतात का? तिचे गुडघे अजून दुखतात?

आलो की आपल्या दारापासून बाजारापर्यंत फरश्या बसवतो. मास्तरांच्या दारापुढे फक्त रेघा.

पत्र ताईकडून वाचून घे. मास्तरांनी आग्रहच केला, तर मात्र त्यांनाच वाचू दे.

तुझाच,
फोनला कान लावून बसलेला