पाहुण्या जहाजाचे कपडे

प्रिय बारक्या,

पाहुणं जहाज गेलं. पेपरात फोटो तू पाहिलेच असशील. बँड, महापौरांचं भाषण, त्यांचा झेंडा आणि आपला शेजारी शेजारी. आपली लाँड्री त्यात कुठेच नव्हती, म्हणून हे लिहायला घेतलं.

ते जहाज येणार हे कळल्यापासून गावात दोन तट पडले होते. कुणी म्हणे, झालं गेलं विसरावं, व्यापार वाढेल. कुणी म्हणे, यांना धक्क्याला लागू देणंच पाप. आईने बंदराकडची खिडकी लावून घेतली आणि भर उकाड्यात आम्ही दोघी वाफेत शिजत राहिलो. मग दुपारी बंदर अधिकारी घाम पुसत आले. जहाजावरचं धुलाईचं यंत्र बंद पडलं होतं, दुसऱ्या दिवशी स्मारकाला फुलं वाहायची होती, आणि सगळ्यांचे पांढरे गणवेश तसेच पडले होते. एवढं काम निघेल अशी लाँड्री बंदराजवळ आपलीच. आई म्हणाली, "माझ्या पोराला ज्यांनी बुडवलं, त्यांचे कपडे मी उजळू? तुम्हाला विचारवलं तरी कसं?" ते खाली मान घालून गेले.

तासाभराने जहाजावरचं कपड्यांचं खातं सांभाळणारा खलाशी स्वतःच आला. पोक्त माणूस, कानशिलांवरचे केस पिकलेले. बरोबर दुभाषी मुलगी आणि गाठोडी घेतलेले चार जण. त्याचं म्हणणं एवढंच, की काम आमची माणसं करतील, तुम्ही फक्त गरम पाणी आणि टेबलं द्या. आईने वर पाहिलं नाही. "पाण्याला नाही म्हणू नये. घ्या," म्हणाली.

त्यांनी धुतलं ठीक, पण खळ अशी घट्ट केली की बाह्या पत्र्यासारख्या उभ्या राहिल्या. आई कोपऱ्यातून बघत होती. तुला माहीतच आहे, वाईट इस्त्री तिला बघवत नाही. शेवटी उठली, त्याच्या हातातून इस्त्री काढून घेतली आणि म्हणाली, "इस्त्री करताय की रस्त्यावर रोलर फिरवताय?" मुलीने ते त्याला सांगितलं, तसा तो मोठ्याने हसला. मलाही हसू आवरेना. आई हसली नाही. पण नवी खळ तिनेच कालवली, आणि मग दोघं एकाच टेबलाशी काम करत राहिली. तो कॉलर दाबायचा, ती घडी घालायची.

निम्मे गणवेश झाल्यावर तिने घडीवरची नजर न उचलता मुलीला म्हटलं, "त्याला विचार, त्या लढाईत तो होता का." मुलगी माझ्याकडे बघू लागली. मी मानेनेच 'विचार' म्हटलं.

त्याने इस्त्री उभी करून ठेवली. म्हणाला, होतो. तेव्हा इंजिनाशी होतो. वर आलो तेव्हा तुमचं जहाज दिसत नव्हतं, पाण्यात माणसं दिसत होती. आम्ही होड्या सोडल्या, काही जणांना वर घेतलं. तेवढ्यात विमानं येताहेत असा निरोप आला आणि कप्तानाने जहाज वळवलं. आईने विचारलं, "तेव्हा पाण्यात अजून माणसं होती?" तो म्हणाला, होती. हाका ऐकू येत होत्या.

बारक्या, तो खोटं बोलू शकला असता. कुणाला कळणार होतं? वाचलेल्यांना परत आणलं तेव्हा आई धक्क्यावर शेवटचा माणूस उतरेपर्यंत उभी होती, आठवतं ना? त्यानंतर तिने धक्क्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. मला वाटलं, आता ही त्याला बाहेर काढते. ती गाठोड्यावर बसली. मग तिने विचारलं, "ती जागा ठाऊक आहे तुला?" आपल्याला इतकी वर्षं फक्त 'समुद्रात' एवढंच सांगत आले. तो म्हणाला, आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जाताना तिथे थांबणार आहोत.

दुसऱ्या दिवशी स्मारकापाशी मी एकटीच गेले. दादाच्या नावासमोर त्यांचा कप्तान सलाम करून उभा होता, आणि त्याच्या बाहीची घडी आईच्या हातची होती. मला रडावं की काय करावं, कळेना.

जहाज निघायच्या दिवशी आईने ट्रंक उघडली आणि दादाचा निळ्या चौकटींचा शर्ट काढला, जो तिने मला कधी हातही लावू दिला नव्हता. धुतला, इस्त्री केली. खळ घातली नाही, त्याच्या मानेला टोचायची. कागदात गुंडाळून सरळ धक्क्यावर निघाली. पहारेकऱ्याने अडवलं, तेवढ्यात तो खलाशी शिडीवरून धावत खाली आला. आईने पुडकं त्याच्या हातात दिलं. "फेकू नका," म्हणाली, "हळू सोडा." दुभाषी मुलगी धक्क्यावरच होती; तिला ते धड सांगताही आलं नाही, पण त्याला समजलं. दोन्ही हातांत पुडकं धरून तो उभाच राहिला.

आज बंदर कार्यालयातून निरोप आला. त्यांनी इंजिनं बंद केली, सगळे डेकवर आले, होडी उतरवून शर्ट पाण्यात सोडला. जागेचे अक्षांश-रेखांशही कळवलेत. मी नकाशात ती जागा दाखवली. आई तिच्यावर बोट टेकवून कितीतरी वेळ बसली होती.

मग तिनेच विचारलं, "बारक्याचं जहाज परतीच्या भेटीला त्यांच्याकडे जाणार आहे ना? ह्याच वाटेने?" तू नौदलात गेल्यापासून तुझं नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. ही बातमी मी तिच्यापासून लपवली होती, तिने पेपरात वाचली होती. म्हणाली, "त्याला लिही. मी म्हटलं होतं ना, मला एकच मुलगा होता, तो गेला. तसं म्हणायला नको होतं, असं लिही." मग म्हणाली, "नको, ते राहू दे. ते मीच बोलेन त्याच्याशी. तू फक्त लिही, निघायच्या आधी घरी ये." ती समोरच बसली आहे. लिहून झालं का, म्हणून दोनदा विचारून झालं तिचं. मिळेल तेवढी रजा घे आणि ये.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
ताई