परवा चार बोटं

१८ जुलै २०२४

माझ्या मार्गदर्शक सरांचा नागपूरहून फोन. प्रबंध परीक्षकांकडे गेला — सात वर्षांनी! अभिनंदन वगैरे काही नाही. म्हणाले, "तुझी नऊ नंबरची आकृती छान आलीय. परवा परिषदेत दाखवली मी." मी! माझं नाव कुठे होतं, ते विचारलं नाही. विचारून नाव मोठं होत नाही.

आईला सांगितलं. "म्हंजे झालं का आता?" झालं कुठे. तोंडी परीक्षा राहिली. ३१ डिसेंबरच्या आत निकाल हाती नसेल तर कॉलेजात कायम होणं नाही, तसं कॉलेजने लेखी दिलंय. नऊ वर्षं कंत्राटावर काढली. प्रफुल माझ्यामागून चार वर्षांनी आला, माझ्याच नोट्सवरून शिकवतो, आणि कायम झाला. त्याच्याकडे पदवी आहे. ती कुठल्या विद्यापीठाची, हे तो कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही.

२ ऑगस्ट

स्टाफरूममध्ये प्रफुल सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, सात वर्षं करून काय राह्यल्या तुम्ही, एकदा सांगा तरी." सांगितलं. गीझरचा नळ फिरवला की गरम पाणी लगेच येत नाही. आपल्याला धीर नसतो, आणखी फिरवतो, भाजतं. घाबरून उलटा फिरवतो, गारठतो. पाणी यायला जितका उशीर, तितका हा खेळ वाढतो. एका मर्यादेपलीकडे नळ कितीही चपळाईने फिरवा, पाणी कोमट होत नाही. ही मर्यादा जुनी आहे, गणिताने सिद्ध आहे.

आता तलाव घ्या. मूलजवळच्या एका तलावाचं गेट उघडलं की पाणी नहरातून शेवटच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेवटच्या खाचरात, पोचायला दोन दिवस लागतात. एवढ्या उशिराने शेवटच्या धानाला नेमकं पाणी देणं गणितात बसत नाही. पण रामाजी नावाच्या माणसाने अकरा वर्षं ते दिलं. त्यांच्या नोंदींच्या सात वह्यांवरून त्यांच्या हाताचा नियम मी शोधून काढला.

"म्हंजे गेटवाल्यावर पीएचडी!" प्रफुल म्हणाला. सगळे हसले. चहा सांडला माझा.

९ ऑगस्ट

यंदाच्या कंत्राटाची ऑर्डर अजून नाही. बाबू म्हणतो, साहेबाच्या टेबलावर आहे. साहेब म्हणतात, बाबूकडे आहे.

२१ ऑगस्ट

तोंडी परीक्षेच्या तयारीसाठी वह्यांचे फोटो पुन्हा उघडले. रामाजींची नोंद एका ओळीची. "गेट ३ बोटं. शेवटाले परवा ४ बोटं." बोट म्हणजे बोटाच्या रुंदीएवढं. आज गेट इतकं उघडलं. शेवटच्या बांधीत परवा इतकं पाणी होतं. तिथली बातमी यायलाच दोन दिवस लागत असणार. दोन दिवस शिळी बातमी, आणि तरी माणूस चुकत नाही! माझा अख्खा तिसरा अध्याय या एका ओळीवर उभा आहे. सूत्रात जिथे तिथे वजा दोन.

संशोधन मासिकाच्या तपासनिसाने या अध्यायाबद्दल लिहिलं होतं, निकाल विश्वास बसणार नाही इतका चांगला आहे. ते वाक्य मी कौतुक म्हणून कापून भिंतीवर लावलंय.

रामाजींकडे एकदाच गेले होते, २०१९ मध्ये. अंगणात वह्या पसरून फोटो काढले. त्यांच्या बायकोने चहा ठेवला होता. तीनची बस होती, नको म्हटलं.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. मुलींनी गुलाब दिला. बाराच्या सुमारास बाबूचा मेसेज — "ऑर्डर परवा." दोनच शब्द. माझं डोकंच फिरलं. परवा आली आणि हा माणूस आज सांगतो? तडक खाली गेले, नको नको ते बोलले. बाबू शांतपणे म्हणाला, "मॅडम, परवा येईन म्हनलं म्या. आली कुठी? तुमी मागचा परवा कायले पकडता?" सगळं ऑफिस हसलं. मीही हसले.

वर जाताना जिन्यात वही आठवली. तिथेच पायरीवर बसले.

रामाजींच्या ओळीत क्रियापद नाही.

८ सप्टेंबर

रविवार. सकाळच्या एसटीने मूलला, तिथून ऑटोने गावात. गावात गणपती बसलेला, भोंगा चालू. रामाजी आता थकले आहेत. गेट सोडून चार वर्षं झाली. मला ओळखलं. त्यांच्या बायकोने, सुकरीबाईंनी, काही न विचारता चहा ठेवला. या वेळी घेतला.

वही पुढे केली. "रामाजीभाऊ, हा परवा मागचा की पुढचा?"

"पुढचा."

एवढंच. मग माझं तोंड बघून म्हणाले, "मागचं कायले लिवू बाई? मागचं पानी तं जिरून गेलं. आज सोडलं ते परवा शेवटाले पोचन, तवा तिथी किती भरन, ते लिवो मी."

म्हणजे बातमी नव्हतीच. तो त्यांचा अंदाज होता. दोन दिवस पुढचा!

"पण आधीच कसं कळायचं?"

"वरच्या बांध्याईत पाहाचं. कोनाकडं पाहुने आले, कोनाचा मानूस दवाखान्यात हाये, कोन भावासंग भांडून वावरात येऊनच नाई राह्यला. त्याईनं पानी नाई घेतलं का खाली जास्त जाते. मंग गेट कमी उघडाचं." यात नवल ते काय, असा आवाज.

"चुकायचात का कधी?"

"चुको ना. मंग मांगून लिवो."

मागून म्हणजे वही उलटी करून, शेवटच्या पानाकडून. प्रत्यक्षात किती भरलं ते सगळं तिथे, तारखेसकट. मी तेव्हा पुढून फोटो काढत गेले. अर्ध्यावर कोरी पानं लागली, वही संपली समजले. सातही वह्यांत. आज ती पानं घेतली. तीनशे बारा फोटो.

निघताना म्हणाले, "त्या वक्ताले इचारलं असतं तं सांगतलं असतं. तुमाले बसची घाई होती." रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणायला हवं होतं.

१२ सप्टेंबर

चार दिवस आकडे भरले. शंका उरली नाही. वजा दोन नाही, अधिक दोन. पुढचं ज्याला दिसतं त्याला उशीर कसला? असा नियम पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सिद्ध करील.

माझ्या प्रमेयाला एक अट आहे: गेटवाल्याच्या हाती फक्त शिळी बातमी असावी. हा तलाव ती पाळतो, असं मी वह्यांवरून दाखवलं होतं. तो पाळत नाही. जगातला कुठलाही तलाव पाळत असेल असं मला आता वाटत नाही.

खरा प्रश्न वेगळाच होता. कोणाकडे पाहुणे आलेत यावरून परवाचं पाणी कसं सांगायचं? पुढच्या पानांवर अंदाज, मागच्या पानांवर खरं, मध्ये चूक किती ते मोजायचं. असली नोंद कुठल्या प्रयोगशाळेत मिळणार नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही सात वर्षांचा! नीट करायला आणखी दोन वर्षं लागतील. माझ्याकडे साडेतीन महिने आहेत.

२० सप्टेंबर

नागपूर. सरांना सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं नाही.

"गणितात पायरी चुकलीय?"

नाही सर. ज्यावर लावलं ते चुकलंय.

"मग झालं तर. नोंदी कोण तपासणार आहे, तो गेटवाला?" आणि मग, "डिसेंबर कुणाला हवाय, मला की तुला?"

मी म्हटलं, सर, हे खोटं आहे. तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं. "सात वर्षांत त्याला तू एक प्रश्न विचारला नाहीस. आता मला विचारायला आलीस."

हा माणूस माझं एक पान धड वाचत नाही, माझी आकृती स्वतःची म्हणून मिरवतो. आणि आज जे बोलला त्यातला एक शब्द खोडता येत नाही. त्याचाच जास्त संताप येतो.

१६ ऑक्टोबर

आईला घेऊन इथल्या दीक्षाभूमीवर. पांढऱ्या साड्यांची ही गर्दी. आईने भेटेल तिला सांगितलं — एटापल्लीहून आलेल्या अनोळखी बायकांनासुद्धा — "माई पोरगी डॉक्टर हून राह्यली. सुईवाली नाई, गनिताची." त्या बायकांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. एकीने आपल्या नातीला माझ्या पाया पडायला लावलं. मी आईवर ओरडले, तिथेच, सगळ्यांसमोर. कशाला सांगत सुटतेस!

घरी आलो. मग म्हणाली, "नको सांगू म्हनतं तं नाई सांगत. पन तू काऊन रडून राह्यली?"

मी तिला पाणी आण म्हटलं.

४ नोव्हेंबर

दुरुस्तीचं पत्र लिहिलं. दीड पान. चूक काय, कशी झाली, कुणाची. माझी. रामाजींचं नाव पूर्ण लिहिलं, गावासकट. तिसरा अध्याय मागे घेते आहे, असं शेवटी. सरांना दाखवणार नाही. तोंडी परीक्षेच्या दिवशी परीक्षकांपुढे ठेवणार. पदवी लांबेल, नोकरी जाईल. जाऊ दे. प्रफुलकडे माझ्या नोट्स आहेतच.

किती महिन्यांनी पोटभर जेवले. आई माझ्या ताटाकडे बघत होती.

२९ नोव्हेंबर

तारीख आली, १७ डिसेंबर. परीक्षक बाहेरच्या राज्यातले, मोठे गृहस्थ. मराठी आहेत म्हणे. पत्राच्या तीन प्रती काढल्या.

८ डिसेंबर

कॉलेजने माझी जागा जाहिरातीत टाकली. "पीएचडीधारकांस प्राधान्य." प्रफुलने जाहिरात ग्रुपवर पाठवली, खाली हात जोडलेले.

१७ डिसेंबर

झाली परीक्षा. वीस मिनिटं. परीक्षकांनी तिसऱ्या अध्यायावर एकच प्रश्न विचारला, "वह्यांवर सगळी भिस्त आहे तुमची. त्या लिहिणाऱ्या माणसाला भेटलात का?" मी म्हटलं, हो सर, घरी जाऊन भेटले. ते सरांकडे वळून म्हणाले, हल्ली एवढे कष्ट कोण घेतं. कधी भेटलात, ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. पत्राच्या तिन्ही प्रती पिशवीतच राहिल्या.