तालुक्याला यांचं वॉरंट शोधायला गेले त्याची हकिकत

॥ श्री सप्तशृंगी माता प्रसन्न ॥

मु. नवागाम, सुरत
चैत्र महिना, १९९५

तीर्थस्वरूप आक्काबाईंच्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या भावजयीचा, भागीरथीचा, नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? निरगुडीचा पाला बांधता का, की नुसतं सांगणाऱ्याला हो म्हणता? इकडे आम्ही सगळी खुशाल. नातवाचा, राहुलचा, दात पडला, रुपाली गुजराती शाळेत पहिली आली (काय शिकते ते मला कळत नाही, पण पहिली आली), आणि तुमचे भाऊ आत्ता माझ्याशेजारी पाटावर बसून हे पत्र ऐकताहेत. मी चार ओळी लिहिते, वाचून दाखवते, मग ते मान हलवतात, मग पुढे. दुसरी इयत्ता शिकलेल्या बाईचं पत्र आहे, काना-मात्रा इकडेतिकडे झाल्या तर तुम्ही उचलून जागेवर ठेवा.

तर आक्का, आधी गोड बातमी. नूतनच्या लग्नाला तिचा मामा येणार! अंतरपाटामागे तिच्या पाठीशी तुमचा भाऊ उभा राहणार. पातळाचं काय ते नंतर लिहिते, आधी हे झालं कसं ते ऐका. हे म्हणताहेत थोडक्यात लिही. मी थोडक्यात लिहिणार नाही.

तुमचं पत्र आलं, की शेंडेफळाचं लग्न वैशाखात आहे, मामाशिवाय मुलगी बोहल्यावर चढवणार नाही. ते वाचलं आणि हे दोन दिवस जेवले नाहीत. (म्हणजे घरी जेवले नाहीत. माग चालतात त्या खात्यावर, बाहेरच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, भजी खात होते, ते मला मागून कळलं.) कारण एकच, वॉरंट. तुम्हांला सगळं ठाऊक आहे, पण मला लिहायला आवडतं म्हणून लिहिते. आपल्या गावच्या यात्रेत एकामागे एक लावलेल्या बारागाड्या ओढल्या, भगत पुढे, गावचे जवान मागून लोटायला, त्यात सगळ्यांत शेवटच्या गाडीला तुमचे भाऊ. भगत थांबला, अकरा गाड्या थांबल्या, यांच्या अंगात मात्र देव भगतापेक्षा जास्त आला होता. ती गाडी घसरत गेली ती थेट देवळाच्या ओट्याला टेकवलेल्या फौजदाराच्या सायकलवर. सायकलची भाकर झाली. फौजदार ओरडला, "याला आत टाकतो!" आणि हे जे पळाले ते सुरतला कापडाच्या मागावर येऊन उभे राहिले. मागाहून मी, कडेवर पोर घेऊन. मग गावाकडून कोणीतरी निरोप आणला की वॉरंट निघालंय, आणि तेव्हापासून यांनी महाराष्ट्रात पाय ठेवला नाही.

नवापूरचं स्टेशन तेवढं देवानं आमच्यासाठी बांधलं. अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. दर राखीला तुम्ही टोपली घेऊन यायच्या आणि हे फलाटाच्या गुजरातेतल्या टोकाला खांबासारखे उभे. एकदा तुमच्या करंज्यांचा डबा घरंगळून पलीकडे गेला तर यांनी आणायला मला पाठवलं! मी म्हटलं, पोलीस काय खडूची रेघ बघून उभा राहील का? तर म्हणाले, कायदा आहे, तुला कळत नाही. आता तुमचे गुडघे गेले, तुमचं नवापूरही बंद झालं, आणि बहीणभावाचं तोंड दिसेना.

मग मी ठरवलं, आपणच बघायचं. इथे कतारगामला कोर्टाचे कागद लिहिणारे एक काका बसतात, त्यांना विचारलं. ते गुजरातीत म्हणाले, माजी (म्हणजे आई), जिथली फिर्याद तिथलंच दप्तर. आधी पोलीस ठाण्यात विचारा, तिथे नसेल तर तालुक्याच्या कोर्टात अर्ज द्या, नाव, बापाचं नाव, गाव, साल लिहा, तिकीट लावा. एवढंच. एवढ्यासाठी माणूस माझ्या काळ्या केसांचे पांढरे होईपर्यंत लपून बसला होता! घरी सांगितलं की गडावर देवीला नवस फेडायला जाते. (देवीच्या नावानं खोटं बोललीस, असं हे आत्ता म्हणताहेत. देवी बाई आहे, तिला कळतं.) सोबतीला शेजारची कमल घेतली. ती वऱ्हाडची, तिला कोणाची भीती वाटत नाही, भूक तेवढी लागते.

आपल्या तालुक्याच्या ठाण्यात पंडित म्हणून हवालदार होते. माणूस भला, मिशी मात्र दोन माणसांची. त्यांनी पुस्तक उघडलं आणि विचारलं, "हं आजी, नाव?" आणि आक्का, माझं तोंड मिटलं ते मिटलं! लग्न झाल्यापासून यांचं नाव मी घेतलेलं नाही, ते काय ठाण्यात घेऊ? कमलकडे बघितलं, तर ती यांना भाऊजी म्हणते. नवागामात सगळे यांना बारागाडीवाले म्हणतात. खरं नाव तिलाही ठाऊक नाही. हवालदार बिचारे एकेक नाव सांगायला लागले. "सुकदेव? पांडुरंग? उखा?" मी मान हलवत राहिले. प्रत्येक नावाला पुस्तकात कोणी ना कोणी निघायचं. एक बोकड चोरून गेलेला, एक बायको सोडून गेलेला. कमल म्हणाली, "काय व माय, तुमच्या तालुक्यात घरी राह्यते तरी कोन?" बाहेर बाकड्यावर बसलेला एक माणूस स्वतःचं नाव ऐकून उठून निघून गेला.

शेवटी हवालदार म्हणाले, आजी, उखाण्यात घ्या. घेतला असता, पण माझ्या उखाण्यात फार जुन्या गोष्टी आहेत, त्या ठाण्यात बोलण्यासारख्या नाहीत. (हे हसताहेत.) मग मला सुचलं की मी लिहू शकते! मनाई तोंडाला आहे, हाताला नाही. पाटी नव्हती, त्यांच्याच कागदावर लिहिलं. आक्का, खोटं नाही सांगत, ते नाव आपल्या हातानं लिहिलेलं बघितलं आणि मी नवरीसारखी लाजले. पदर तोंडावर घेतला. हवालदारांना वाटलं रडते आहे, त्यांनी चहा मागवला. (कमलनं दोन घेतले.) इथे काही मी लिहिणार नाही, तुमच्या भावाचं नाव तुम्हांला सांगायला मी कोण?

ठाण्यात काही सापडलं नाही. जुनी पुस्तकं कोर्टात, असं कळलं. हवालदार स्वतः आम्हांला पोचवायला आले. रस्त्यातले लोक बघत होते, दोन म्हाताऱ्यांनी काय केलं असेल म्हणून. कोर्टात बाबुराव कारकून. अर्ज दिला, तिकीट लावलं, आणि जेवायच्या सुट्टीनंतर या म्हणाले. मग त्यांनी कपाटावरून धुळीचं गाठोडं काढलं, शिंकले, परत शिंकले, आणि सापडलं! होतं वॉरंट! यांचं नाव, बापाचं नाव, गाव, पुढे "फरार". बाबुरावांनी साहेबांकडे नेलं. साहेब म्हणाले, फौजदार वारले, सायकल गंजली, आता कोणाला धरायचं? आणि तांबड्या शाईनं आडवी रेघ मारून टाकली. मोकळे!

घरी येऊन सांगितलं तेव्हा यांनी आधी विश्वास ठेवला नाही. मग विचारलं, "फरार असं लिहिलेलं होतं? नक्की?" मग विचारलं, अक्षर केवढं होतं? मग खात्यावर जाऊन सगळ्या कामगारांना सांगून आले. शेटनं चहा पाजला. आता छाती अशी काढून चालतात की दारातून आडवं यावं लागतं. नवा सदरा शिवायला टाकला आहे. काल रुपालीला म्हणत होते, बेटा, तुझ्या आजोबाला सरकार शोधत होतं.

तर आम्ही लग्नाच्या आधी आठ दिवस येतो. पातळ हिरवं आणते. नूतनला आशीर्वाद, लहानथोरांना यथायोग्य, तुमच्या पायांना पुन्हा नमस्कार. पत्रात काही चुकलं असेल तर पोटात घाला.

तुमची
भागीरथी

ता. क. आक्का, पत्र वाचून झालं, हे पाकीट आणायला टपालात गेलेत. हा कागद वेगळा आहे. एकट्याच वाचा आणि चुलीत घाला.

वॉरंट नव्हतंच. बाबुरावांनी त्या सालाचं बघितलं, मागचं बघितलं, पुढचं बघितलं. यांचं नाव कुठेही नाही. फौजदारानं नुसती धमकी दिली आणि आपण सगळ्यांनी ती कायद्यासारखी पाळली. मी कोर्टाच्या पायऱ्या हसत उतरले. शेवटच्या पायरीवर मामंजी आठवले. ते गेले तेव्हा यांनी इथे तापीच्या काठी डोकं भादरलं आणि रेल्वेचे रूळ जिकडे जातात तिकडे तोंड करून बसून राहिले. वॉरंट होतं म्हणून बापाला अग्नी द्यायला आलो नाही, एवढ्याच धीरावर हा माणूस उभा आहे. नव्हतं म्हटलं तर तो कशावर उभा राहील? म्हणून एस्टीत कमलला सांगितलं, होतं आणि रद्द झालं. ती भजी खात होती, म्हणाली, "होतंच न व बाई, म्या नाई पाह्यलं का?"

ता. क. दुसरा. पंडित हवालदारांना मी आनंदाच्या भरात लग्नाचं आवतण देऊन बसले. ते येणार, बायकोसकट. त्यांना पहिल्या पंगतीला बसवा, शेजारी तुमचा थोरला जावई बसवा, आणि ताटातली बुंदी संपू देऊ नका. तोंड भरलेला माणूस खरं बोलत नाही. निरोप कोणी आणला होता तेही आता शोधू नका.

ता. क. तिसरा, आणि पत्र याच्यासाठीच होतं. हे आले की तुम्हांला विचारतीलच, आक्के, मला खरंच शोधत होते का? माझ्यावर यांचा विश्वास रुपयातले बारा आणे, तुमच्यावर सोळा. तुम्ही डोळ्याला डोळा देऊन सांगा, "हो रे दादा, फार शोधलं तुला." तुमच्या जिभेला खोटं लागायचं नाही. एवढी वर्षं तुम्ही दारात बसून शोधतच होतात की.