पिवळा ट्रक आणि त्याचा रिमोट

देवनार, मुंबई
१३ जानेवारी २०२५

चि. आकाश यास,
आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

काल फोनवर आपण दोघंही ओरडलो आणि शेवटी दीप्तीने तुझ्या हातातला फोन काढून घेतला. तेव्हा या विषयावर आता फोन बंद, कागद सुरू. देवनारहून मुलुंडला पत्र पोचायला चार दिवस लागतात, तेवढ्यात माणसाचा आवाज खाली येतो.

विषय साधा आहे. माझी नात निधी २३ फेब्रुवारीला सात वर्षांची होते. तिने तोंड उघडून आजोबांकडे एकच गोष्ट मागितली, रिमोटवर चालणारा ट्रक, मागचा हौदा वर होणारा. आणि तू म्हणतोस सायकल घ्या, बाहुली घ्या, काहीही घ्या, पण ट्रक नको. का नको, ते सांगत नाहीस. तुझ्या आईने विचारलं तरी सांगितलं नाहीस.

मग मीच सांगतो. एकतीस वर्षं मी महापालिकेची कचऱ्याची गाडी चालवली. तुमच्या टॉवरमधल्या लोकांना तू सांगतोस की वडील ट्रान्सपोर्टमध्ये होते. मला हे कळत नाही असं समजू नकोस. तू चौथीत असताना तुला पिवळा ट्रक आणून दिला होता, तो तू आठ दिवसांत हरवलास आणि वर दोन थोबाडीत खाल्ल्यास. तेव्हापासून ट्रक म्हटलं की तुझं तोंड वाकडं होतं. बापाच्या धंद्याची लाज वाटत असेल तर वाटू दे, पण ती माझ्या नातीच्या डोक्यावर लादू नकोस.

ट्रक येणार. चांगला, टिकाऊ आणि माझ्या पेन्शनीत बसणारा. कुठला घ्यायचा एवढंच ठरायचं आहे. तुझी आई ठीक आहे, गुडघा कुरकुरतो.

राग आला तरी उत्तर लिही.
तुझा बाप,
धोंडिराम


मुलुंड (पूर्व)
१९ जानेवारी २०२५

आदरणीय बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. आईला डॉक्टरकडे नेताय की नुसतं कुरकुर ऐकताय? या महिन्यात मीच येऊन घेऊन जातो.

ट्रकचं म्हणाल तर माझं म्हणणं तेच आहे. ही रिमोटची खेळणी दोन दिवसांची असतात. पहिल्या दिवशी चाक निघतं, दुसऱ्या दिवशी बॅटरी बसते आणि तिसऱ्या दिवशी ते कपाटावर जातं. शिवाय आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांनी पार्किंगमध्ये चाकांची खेळणी बंद केली आहेत. घरात जागा किती आहे ते तुम्हाला माहीत आहे. टीपॉय सरकवल्याशिवाय चटई पसरता येत नाही.

लाजेचं तुम्ही लिहिलंत ते झोंबलं. ट्रान्सपोर्ट म्हणालो होतो, हे खरं आहे, एकदा. पण ट्रक नको म्हणण्याचं कारण ते नाही. कारण काय आहे ते मी सांगणार नाही, आणि तुम्ही एकतीस वर्षं काढून दाखवलीत तरी माझ्या घरात ट्रक येणार नाही. हट्टीपणा मी कुणाकडून घेतला ते तुम्हीच आईला विचारा.

निधी बरी आहे. दात पडलाय, त्यामुळे सगळ्यांना तोंड उघडून दाखवत फिरते.

माया असू द्या, ट्रक नको.
आपला,
आकाश


देवनार
२७ जानेवारी २०२५

चि. दीप्ती हिस,
आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझा नवरा हटून बसला आहे, म्हणून तुला लिहितो. तू निदान हिशेबी आहेस.

मी कामाला लागलो आहे. परवा चेंबूर स्टेशनजवळच्या खेळण्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने चकचकीत लाल ट्रक काढला, म्हणाला काका, एकदम झकास पीस आहे. मी पिशवीतून एक किलोची तूरडाळ काढली आणि हौद्यात ठेवली. ट्रक जागचा हलेना, नुसता घुं घुं करत राहिला. तो म्हणाला, काका, हा खेळायचा आहे, डाळ वाहायचा नाही. मी म्हणालो, ट्रक माल उचलत नसेल तर तो ट्रक कसला, दिव्यांची माळ आहे ती. दुसरा निळा होता, तो माल घेऊन चालला, पण वळताना आडवा झाला. चाकं उंच आणि अंग अरुंद असलेली गाडी उलटणारच, हे मला कुणी शिकवायला नको. दुकानातली पोरं जमा झाली होती. दुकानदाराला माझा वैताग आला, पण गिऱ्हाईक जमल्यामुळे बोलेना.

मग साकीनाक्याला नंदूकडे गेलो. नंदू म्हणजे माझ्या गाडीवरचा जुना क्लीनर. आता त्याचं छोट्या मोटरी दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. त्याने मला नीट समजावलं. आतल्या गिअरचे दाते पातळ प्लास्टिकचे असतील तर पोराने चाक हाताने फिरवलं की संपले. चाकाला रबर हवं, नाहीतर लादीवर घसरतं. बॅटरी चार्ज होणारी आणि बाजारात सुटी मिळणारी हवी. आणि अंग गोंदाने चिकटवलेलं नको, स्क्रूने बसवलेलं हवं. ज्या गाडीचं पोट उघडता येत नाही ती घ्यायची नाही, असं तो म्हणाला. हे मला एकदम पटलं.

असा एक मी चेंबूरच्या त्याच दुकानात हेरला आहे. पिवळाच आहे, पंधराशेच्या आत. तू फक्त तुझ्या नवऱ्याला सांग की त्याच्या शाळेची फी कचऱ्याच्या गाडीने भरली आहे. त्याची लाज वाटून घ्यायची असेल तर आधी डिग्री परत कर म्हणावं.

तुझ्या घरच्यांना जयभीम सांग आणि मला उलट टपाली उत्तर दे.
तुझा सासरा,
धोंडिराम


मुलुंड (पूर्व)
१ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तूरडाळीचं वाचून मी इतकी हसले की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये लोक बघायला लागले. आईंना सांगा, पिशवीत डाळ घेऊन खेळण्याच्या दुकानात जाणाऱ्या माणसाबरोबर तुम्ही संसार केलात, तुम्हाला मानलं.

पण बाबा, एका बाबतीत तुम्ही चुकताय. तुमचं पत्र मी यांना वाचून दाखवलं. डिग्रीचं वाक्य आलं तेव्हा हे चिडतील असं मला वाटलं होतं. हे चिडले नाहीत. गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि थोड्या वेळाने आत येऊन मला त्या चौथीतल्या पिवळ्या ट्रकचं काय झालं ते सांगितलं. लग्नाला नऊ वर्षं झाली, मला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं.

ते मी लिहिणार नाही, त्यांनीच लिहायला हवं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे की लिहिल्याशिवाय या घरात ट्रकवरून एक शब्द बोलायचा नाही. तुम्हीही तोवर काही विकत घेऊ नका. दोघंही एकाच मातीचे आहात, वैताग आहे नुसता.

आईंच्या गुडघ्याला तेल लावताय ना?
सुनेवर राग धरू नका.
दीप्ती


मुलुंड (पूर्व)
३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

लिहितो. दीप्तीने दुसरा मार्गच ठेवलेला नाही.

तो ट्रक मी हरवला नव्हता.

तुम्ही तो कचऱ्याच्या डंपिंग ग्राउंडवरून आणला होतात, हे मला माहीत होतं. तुम्ही लपवलंही नव्हतंत. त्याचं तुटलेलं चाक तुम्ही तारेने बसवलं होतं, आईने सोड्याने घासून तो लख्ख केला होता. तुम्ही आत सेल घातले तेव्हा पुढचे दिवे लागले. चालत नव्हता, कारण रिमोट नव्हता, पण मला त्याचं काही नव्हतं. मी तो हाताने ढकलायचो आणि तोंडाने आवाज काढायचो. आख्ख्या चाळीत तसा ट्रक कुणाकडे नव्हता.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी तो शाळेत नेला. वर्गात सुशांत नावाचा मुलगा होता, चेंबूरच्या बंगल्यातला. त्याने ट्रक हातात घेतला, उलटा करून खाली बघितलं आणि परत दिला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात ट्रक ठेवून डबा उघडत होतो. ट्रक आपोआप चालायला लागला. बाबा, मला क्षणभर वाटलं की तुम्ही केलेली दुरुस्ती आता लागू पडली. मी आनंदाने ओरडलो. मग बघितलं तर व्हरांड्याच्या टोकाला सुशांत उभा होता, त्याच्या हातात रिमोट होता आणि ट्रक त्याच्याकडे चालला होता. त्याच्या घरच्यांनी चाक तुटलं म्हणून ट्रक फेकला होता, रिमोट ड्रॉवरमध्ये राहिला होता.

त्याने मला चिडवलं नाही. चोर म्हणाला नाही. फक्त बटण दाबलं. पोरं हसली. त्याने ट्रक उचलून दप्तरात घातला आणि मी काही बोललो नाही, कारण त्याचाच होता.

तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही शाळेत आला असतात, गाडी घेऊन. म्हणून हरवला म्हणालो. थोबाडीत परवडल्या.

मला तुमच्या गाडीची लाज नव्हती. मला एवढंच नको होतं की माझ्या मुलीच्या हातातली वस्तू दुसऱ्या कुणी बटण दाबल्यावर निघून जावी. खुळेपणा आहे, मला कळतं. पण छत्तीस वर्षांचा झालो तरी तो जात नाही.

आईला हे वाचून दाखवू नका.
आपला,
आकाश


देवनार
१२ फेब्रुवारी २०२५

चि. आकाश यास,
आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझ्या आईने वाचलं. पाकीट तिनेच फोडलं होतं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि बोलली तेव्हा तुला थोबाडीत मारल्याबद्दल बोलली. त्या दोन मला परत घेता येत नाहीत. चुकलं माझं. हे मी कधी कुणाला लिहिलं नाही, तुला लिहितो आहे.

पण एक गोष्ट लिहून ठेव. कचऱ्यातून ट्रक उचलला याची लाज मला तेव्हा नव्हती आणि आजही नाही. लोक धड वस्तू फेकत होते, मी ती धुऊन, दुरुस्त करून माझ्या पोराला दिली. ज्यांनी फेकली त्यांनी मान खाली घालावी. आणि फेकलेल्या मालावर फेकणाऱ्याचा हक्क राहत नाही. तो ट्रक तुझा होता. त्या पोराला हे सांगणारा एकही मोठा माणूस त्या व्हरांड्यात नव्हता, याचा मला राग आहे. मी शाळेत आलो असतो, हे तू बरोबर ओळखलंस. गाडी घेऊनच आलो असतो.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी चेंबूरच्या दुकानात परत गेलो. या वेळी डाळ नेली नाही. हेरलेला पिवळा ट्रक काउंटरवर ठेवायला लावला, चालू केला, आणि दुकानदाराला म्हणालो, तुझ्याकडचे सगळे रिमोट काढ. तो म्हणाला काका, आता काय नवीन. मी म्हणालो, काढ. त्याने अकरा रिमोट काढले, गाड्यांचे, हेलिकॉप्टरचे, सगळे. याच जातीच्या दुसऱ्या ट्रकचाही काढला. मी एकेक करून सगळे दाबले. ट्रक जागचा हलला नाही. मग त्याचा स्वतःचा रिमोट दाबला आणि तो चालला. दुकानदार म्हणाला, हल्ली असंच असतं, आपल्या रिमोटशिवाय ऐकत नाही. मी म्हणालो, बांध.

नंदूच्या हाती पाठवतो आहे. खोकं दुकानाच्या चिकटपट्टीने बंद आहे, मी उघडलेलं नाही, तूच उघड. बिल वर चिकटवलं आहे. त्याच्यावर नाव आकाश धोंडिराम वानखडे असं घालायला लावलं आहे. हा ट्रक निधीचा नाही, तुझा आहे. निधीचा तिच्या वाढदिवशी मी वेगळा आणणार, आणि तू मला अडवून दाखव.

रागाने का होईना, बापाला धरून राहा.
तुझा बाबा,
धोंडिराम


मुलुंड (पूर्व)
१६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

नंदूकाका काल संध्याकाळी खोकं देऊन गेले. चहाला थांबले, निधीला तुमच्या गाडीचा रिव्हर्सचा किस्सा सांगून गेले. पट्टी मीच फोडली. दीप्ती आणि निधी दोघी बाजूला उभ्या होत्या, कुणी हात लावला नाही.

आज सकाळी ट्रक खाली पार्किंगमध्ये नेला. पाच मिनिटांत चंद्रप्रकाश आले. नोटीस वाचली नाही का, असं म्हणाले, आणि लहान मुलांना शिस्त लावा म्हणाले. हा ट्रक कुणाचा आहे, असंही विचारलं. मी म्हणालो माझा आहे, बिल दाखवू का. ते गडबडले. मग त्यांनीच विषय बदलायला विचारलं की तुम्हाला या वयात ट्रकचा नाद कसा काय. मी सांगितलं की माझे वडील एकतीस वर्षं महापालिकेची कचऱ्याची गाडी चालवत होते, देवनार डंपिंगला. वॉचमन शेजारी उभा होता, गाड्या धुणारे दोघं होते, तिसऱ्या मजल्यावरच्या बाई होत्या. सगळ्यांनी ऐकलं. नोटिशीचं काय ते मीटिंगमध्ये बघू म्हणालो, आणि खेळत राहिलो.

तेवीस तारखेला आईला घेऊन सकाळीच या. निधीचा ट्रक आणा. मी अडवणार नाही, मला शर्यत लावायला दुसरा हवाच आहे. डाळही आणा, हौद्यात घालून दाखवायची आहे.

बाबा, मी ट्रक पार्किंगच्या त्या टोकाला ठेवला आणि चालत या टोकाला आलो. बटण दाबलं. तो सरळ माझ्याकडे आला. परत नेऊन ठेवला, परत बोलावला, असं किती वेळा केलं ते मोजलं नाही. निधी कंबरेवर हात ठेवून शेजारी उभी होती. तिने तीनदा विचारलं की आता मला देता का. मी तिला म्हणालो, थांब जरा, अजून माझी पाळी संपली नाही.

तुमची माया आणि तुमचा हट्ट, दोन्ही असेच राहू द्या.
तुमचा मुलगा,
आकाश