विमानाच्या पाठीवरचं टेंगूळ

३ मार्च
क्लबच्या सभेत सेक्रेटरींनी जाहीर केलं: यंदाच्या मॉडेल विमानांच्या प्रदर्शनाला एकच परीक्षक. इच्छुक दोघे, मी आणि माझा मेहुणा. म्हणजे खरं तर एकच. मेहुण्याला कुठलंही मॉडेल दाखवा, 'मस्त आहे' म्हणतो. अशा माणसाने पाहुण्यांचं स्वागत करावं, परीक्षण नव्हे.
चाचणी अशी: सेक्रेटरींच्या संग्रहातलं एक प्रवासी विमान, खऱ्याच्या चारशेपट लहान. आधी मेहुणा तपासणार, मग मी. सभेत दोघांनी मत मांडायचं, मग मतदान.
सत्य आणि अचूकता यांवर मी तिथल्या तिथे बोललो. टाळ्या पडल्या. चहा आला म्हणून पडल्या, असं मेहुणा म्हणतो. मत्सर.

५ मार्च
मेहुण्याने मॉडेल आणून दिलं. काय आढळलं, विचारलं. म्हणाला, मस्त आहे, भावोजी, मागच्या महिन्यात याच विमानाने गेलो होतो. मी म्हणालो, पोटात बसून विमान दिसत नसतं. निरुत्तर झाला. जिना उतरताना हसत होता. निरुत्तर माणसं हसतात.

६ मार्च, सकाळ
भिंग, पट्टी, चिमटा. युद्धाला सुरुवात.
पंख आणि धड यांच्या जोडावर केसाएवढी फट. अक्षम्य! दाराची रेघ खिडक्यांच्या रांगेशी जुळत नाही. नाकाजवळ रंग साचलाय, त्यामुळे कॉकपिट झोपेतून उठल्यासारखं दिसतं. पुढचं चाक फिरतं, मागची रुसली आहेत.
आणि मग महाशोध. पाठीवर, पंखांच्या जरा मागे, एक लांबट पांढरं टेंगूळ. कारखान्यात डिंक सांडला आणि वरून रंग फासला! माझ्या कपाटात याच विमानाचं जुनं मॉडेल आहे. त्याची पाठ सपाट. पुरावा पूर्ण.
बायकोला दाखवलं. ती म्हणाली, अहो, मग खरं विमान कसं दिसतं ते बघा ना, फोनवर ढीगभर फोटो असतील. मी समजावलं, ज्याच्या कपाटातच प्रमाण आहे त्याने दारोदार का हिंडावं? ती म्हणाली, बरं, मग भाजीसाठी तरी हिंडून या. विषय बदलला की समजावं, माणूस हरला.

८ मार्च
संकल्प: भाषण छोटं ठेवायचं.

९ मार्च, दुपार
भाषण वाढलं. प्रस्तावनेतच मानवजातीची फसवणूक आली, ती गाळवेना.
पण नुसतं सांगून लोकांना पटत नाही. टेंगूळ घासून काढलं तर खालची सपाट पाठ स्वतः साक्ष देईल. वस्तू सुधारून परत करणारा परीक्षक क्लबने कधी पाहिला नसेल.
बायको म्हणाली, दुसऱ्याची वस्तू आहे, आधी विचारा. मेहुण्याला फोन केला. भावोजी, हात जोडतो, काही करू नका, म्हणाला. घाबरलाय!

संध्याकाळ
घासलं. डिंक इतका चिवट असतो हे नव्याने कळलं. शेवटी टेंगूळ अख्खं उचकटून आलं. खाली दोन भोकं. म्हणजे कारखान्याचा आणखी एक दोष! भाषणात मुद्दा वाढवला. भोकांवर बायकोचं नेलपॉलिश लावलं. पांढरं नव्हतं, मोतिया होतं. दुरून कळत नाही.

१२ मार्च
सभा. मेहुण्याने मला आधी बोलू दिलं. सभ्यपणाचा आव.
शेवटी मॉडेल उंच धरून म्हणालो, असत्य मी घासून काढलं आहे! सभागृह चिडीचूप. वक्ता म्हणून अशी शांतता आजवर मिळवली नव्हती. सेक्रेटरी म्हणाले, काय घासून काढलं? आवाज फारच बारीक होता.
मग मेहुणा उठला. म्हणाला, फट, रंग, चाकं, सगळं भावोजींचं बरोबर. पण पाठीवर होता तो प्रवाशांच्या इंटरनेटचा अँटेना. खऱ्या विमानालाही आहे. त्याने बाहेरून काढलेला फोटो सगळीकडे फिरला. मी भिंगातून पाहिला. आहे. मागून कुणीतरी म्हणालं, यांच्या कपाटातलं विमान इंटरनेटच्या आधीचं असेल. मी म्हणालो, मग विमानवाल्यांनी कळवायला नको का?
सेक्रेटरी म्हणाले, हे मॉडेल आता बनत नाही, फार वर्षं शोधत होतो. माझ्या हातातून ते त्यांनी अलगद काढून घेतलं. त्यामुळे मतदानाला माझे दोन्ही हात मोकळे झाले. एकच वर करता येतो म्हणे. सभागृहात माझ्या बाजूने तेवढाच होता.

१३ मार्च
लोकशाहीवर विचार केला. वाईट व्यवस्था.
सेक्रेटरींची माफी मागायचं ठरवलं. मजकूर लिहायला घेतला. त्यात कारखान्याचे दोष आले. लांबला. उद्या.

२ एप्रिल
प्रदर्शन पाहून आलो. मेहुणा परीक्षकाचा बिल्ला लावून सगळ्यांना मस्त आहे, मस्त आहे म्हणत होता. मधल्या कपाटात सेक्रेटरींचं विमान, शेजारी त्याचाच जुना फोटो. फोटोखाली चिठ्ठी: परीक्षणापूर्वी. विमानाखाली: परीक्षणानंतर. सगळ्यात जास्त गर्दी तिथे.
एका बाईंनी मलाच विचारलं, अहो, हे कुणी केलं हो?
म्हणालो, कल्पना नाही.
बायको शेजारीच होती. तिने आपली मोतिया नखं पाठीमागे लपवली.