माफीचा बांध

मी, हौसाबाई, कै. पदू चांगा घरत यांची बायको, वय साठीच्या पुढेमागे, धंदा शेती, राहणार मौजे वडखार, तालुका पनवेल, जिल्हा कुलाबा, आज पनवेल मुक्कामी दस्त लिहिणारे यूनुस मुकादम यांच्या ओट्यावर बसून हे मृत्युपत्र सांगते आणि ते लिहून घेतात. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कोणाला शंका असेल तर त्याने उद्या ओहोटी लागल्यावर आमच्या बांधावर यावे आणि माझ्याबरोबर चिखलाच्या पाट्या टाकून पाहाव्यात. मला कोणी धमकावलेले नाही की फूस लावलेली नाही. फूस लावायला आलेली माणसे केव्हाच थकून घरी बसली आहेत.

यूनुसभाय मघाशी म्हणाले, "हौसाबाय, मृत्युपत्रात असं लिहायचा रिवाज नाही. घर, शेत, दागिने, खतम." मी म्हटले, "तुमी लिवा. रिवाजाचं मी बगते." एका रिवाजाशी माझे फार जुने भांडण आहे आणि त्यापायीच हे लिहून ठेवण्याची वेळ आली आहे. शेताच्या कलमात ते सगळे येईल.

कलम पहिले, वारसांचे. मला दोन मुले. मोठा कमळाकर, मुंबईला गोदीत कारकून आहे, माझगावला बिऱ्हाड करून राहतो. धाकटी वेणू, विचुंब्याला दिली आहे. दोघेही माझ्यावर माया करतात. कमळाकरची माया जरा जास्तच आहे, त्याचाच घोटाळा झाला आहे.

कलम दुसरे, घराचे. घर नवऱ्याचे, त्यात मुलांचा हक्क आहेच. माझ्या वाट्याला जे येते तेही दोघांनी निम्मे निम्मे घ्यावे. मागच्या पडवीचे कौल दरवर्षी परतावे लागते. ते काम उद्यावर टाकले की पाणी चुलीपर्यंत येते, हे दोघांनाही लहानपणापासून ठाऊक आहे.

कलम तिसरे. गावतळ्यातल्या जिताडा माशाचा माझा वाटा माझी मैत्रीण मालू तांडेल हिला मिळावा. डोके तिनेच खावे. आजवर आम्ही दोघी त्यावरून भांडलो, आता तिला मोकळे रान आहे. पोस्टात जे काही असेल ते वेणूच्या मुलीच्या शिक्षणाला लावावे, माझ्या तेराव्याच्या जेवणावळीला नव्हे.

कलम चौथे. माझ्या घरातला सागाचा पाट, पितळी फुल्यांचा, माझे धाकटे दीर बळीराम चांगा घरत यांना द्यावा. ज्या पाटावर बसून त्यांनी मला "वयनी, तुजं घर माफ केलं" असे सांगितले, तोच हा पाट. त्यांनी रोज जेवताना त्यावर बसावे.

कलम पाचवे, शेताचे. हे नीट लिहावे.

खाडीच्या अंगाला, जुन्या उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या झडपेच्या, पलीकडे, बाहेरच्या बांधाला लागून माझे खाजणाचे, खाऱ्या जमिनीचे शेत आहे. ते माझे स्वतःचे आहे, नवऱ्याच्या वारशाने आलेले नाही. कसे आले ते सांगते, म्हणजे पुढे कोणी कोर्टात जाऊन वकिलाचे घर भरणार नाही.

आमच्या गावाला खाडीपासून वाचवतो तो मातीचा बांध. उधाणाने बांध फुटला, म्हणजे खांड पडली, की भात जाते आणि पुढची काही वर्षे जमीन मिठाने जळते. म्हणून वाडवडिलांनी रिवाज घातला: बांधाच्या कामाला घरामागे एक बाप्या, म्हणजे पुरुष माणूस. ज्याचा हात चिखलात, त्याचाच शब्द बैठकीत. ज्या घरात बाप्या नाही ते घर माफ. ऐकायला किती बरे वाटते. मलाही वाटले होते.

मुंबईच्या गोदीत स्फोट झाला ते साल. त्याच्या आदल्या हिवाळ्यात माझा नवरा हिवतापाने गेला. श्रावणात मोठी खांड पडली. बळीराम भावजी घरी आले, पाटावर बसले आणि म्हणाले, "वयनी, तुजं घर माफ केलं. घरात बाप्या नाय. तू पोरांना संबाल." मी त्यांना चहा दिला आणि हात जोडले. त्यांच्या मनात पाप होते असे मी म्हणत नाही. खांड फार खोल गेली होती, जुन्या रेषेवर बुजेना. तेव्हा बैठकीत ठरले की बांध कमानीसारखा आत घ्यायचा, म्हणजे लांबी कमी होईल, काम हलके होईल. आत घेतला की काही शेते बाहेर पडणार, खाडीच्या पोटात जाणार. कोणाची? ज्यांचा बैठकीत शब्द नव्हता त्यांची. मी, मालू, सखूबाई, आणि जिचा नवरा डोळ्यांनी अधू होता ती शांती. चारही माफीची घरे. आम्ही तेव्हा ती शेते खंडाने करत होतो. कोणी आमच्याविरुद्ध बोलले नाही. आमच्या बाजूने बोलायला तिथे कोणी नव्हते, एवढेच झाले.

मी दोन दिवस रडले. मग कंटाळा आला. रडून खाडी हटत नाही. आम्ही चौघी पाट्या घेऊन बांधावर गेलो आणि म्हटले, "आमाला माफी नको. आमचा वाटा मोजून द्या." पुरुष हसले. कोणी म्हणाले, बाईने खांडीत चिखल टाकला तर बांध धरत नाही. मालू म्हणाली, "बाप्यांनी टाकलेला तरी कुठं धरला?"

त्यांनी वाटा दिला नाही. मग आम्ही आमचाच बांध घालायला घेतला, बाहेरून, पडलेल्या शेतांच्या कडेने. भरती उतरली की चिखल कापायचा, पेंढा घालून थर बसवायचे, पुढची भरती यायच्या आत वर यायचे. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास भरतीला जोर नसतो तेव्हा, काम करायचे आणि पुनवेच्या, अवसेच्या उधाणात ते टिकते का बघत उभे राहायचे. पहिल्या साली सगळे वाहून गेले. दुसऱ्या साली निम्मे गेले. माझी वेणू तेव्हा परकर नेसत होती, तीही डोक्यावर चुंबळ ठेवून पाटी वाहायची. कमळाकरला मी शाळेत धाडत होते, त्याला मीच बांधावर येऊ दिले नाही. तिसऱ्या साली बांध उभा राहिला. गावाने त्याला थट्टेने नाव दिले, माफीचा बांध.

जमिनीचे मालक पनवेलला राहत. बुडालेल्या शेताचा खंड येणार नाही म्हणून त्यांनी ती जमीन सोडल्यातच जमा केली होती. भरतीचे पाणी खेळलेली जमीन विकत कोण घेणार? मी घेतली. नथ मोडली आणि खरेदीखत करून घेतले. तेही यूनुसभायांच्या वडिलांनी लिहिले होते, याच ओट्यावर. दोन पावसाळे मीठ धुऊन जायला लागले. मग खाऱ्या मातीत तगणारा राता भात लावला आणि तो आला.

अठ्ठेचाळीसच्या तुफानात खाडी आधी आमच्या बांधावर आली. त्याने मार खाल्ला म्हणून आतला बांध वाचला आणि गाव वाचले. दुसऱ्या दिवशी बळीराम भावजी पुन्हा आले. या वेळी पाटावर बसले नाहीत. दारातच म्हणाले, "वयनी, येत्या सालापास्नं तुमची चार घरं मोजायला धरू." मी बरे म्हटले. तेव्हापासून मी बैठकीला बसते आणि बोलते. फार बोलते असेही काही जण म्हणतात.

आता घोटाळ्याचे सांगते. यंदा शिमग्याला कमळाकर घरी आला. मला न विचारता बैठकीत उभा राहिला आणि म्हणाला, माझी आई थकली, मी मुंबईला असतो, आमचे घर माफ करा. पंचांनी लगेच केले. घरी येऊन त्याने मला सांगितले, "आई, तुझी सुटका केली. आता चिखलात उतरायला नको." त्याचा चेहरा फुलला होता. मी त्याला वाढत होते. वाढून झाले आणि मी परसात जाऊन बसले. माझ्याच पोराने मला पुन्हा माफ करून टाकले होते, आणि तेही लाडाने.

आणि नेमके याच वैशाखात गावाला ठरवायचे आहे की माफीचा बांध राखायचा की सोडून द्यायचा. तरणी माणसे मुंबईला गेली, हात कमी पडतात, सरकार कधीतरी पक्का बांध घालील, तोवर बाहेरचा गेला तर जाऊ दे, असे बोलणे चालले आहे. सरकार घालील तेव्हा घालील. त्याची वाट बघत खाडी काही थांबत नाही. बांध सोडला तर माझे शेत आणि मालूचे शेत पुन्हा बुडेल, आणि ज्या बैठकीत हे ठरणार तिथे माझे घर माफ, म्हणजे माझे तोंड बंद.

म्हणून मी असे ठरवले आहे. उद्या बुधवारी बांधाचे काम सुरू होते. मी माझी पाटी घेऊन जाणार आणि पंचांना माफी परत देणार. आणि माझ्या मागे या शेताचे असे करावे: माझ्या मरणानंतर तीन साल जो कोणी आमच्या घराच्या नावाने स्वतः बांधावर उभा राहील, शेत त्याचे. कमळाकर राहिला तर कमळाकरचे. वेणू राहिली तर वेणूचे. दिलेल्या मुलीचा माहेरच्या बांधाशी संबंध नाही असे कोणी म्हणाले तर त्याला हे कलम वाचून दाखवावे. दोघे राहिले तर दोघांचे. मजूर पाठवलेला धरणार नाही. मुंबईहून मनिऑर्डर पाठवलेली तर मुळीच नाही. दोघांपैकी कोणी आले नाही तर त्या वेळी गावात जे घर माफीचे असेल त्या घराच्या बाईला शेत द्यावे, ती पाटी उचलायला तयार असेल तर. कोण आले, कोण नाही हे मालूने सांगावे. ती खोटे बोलत नाही आणि कोणाला भीत नाही.

कलम सहावे, हत्यारांचे. कुदळ आणि फावडे घरातच राहावे, बांधावर जाईल त्याने घ्यावे. माझी चुंबळ वेणूची. ती लग्नातल्या साडीची वळली आहे, पाण्यात टाकू नये.

कलम सातवे. मी भांगाच्या दिवसांत मेले तर माझ्या सुतकापायी बांधाचे काम थांबवू नये. आधी चिखल टाकावा, मग मला न्यावे. मी कुठे पळून जात नाही.

पुरवणी.

वरचा मजकूर मंगळवारी लिहून झाला, पण सह्या राहिल्या. साक्षीला बळीराम भावजी हवे होते आणि ते म्हणाले, बांधाचे काम सुरू झाल्यावर येतो. म्हणून आज गुरुवारी आम्ही पुन्हा पनवेलला आलो आहोत. मधल्या दिवसात जे झाले तेही लिहावे.

बुधवारी महाराष्ट्र दिनाची सुट्टी म्हणून कमळाकर सकाळच्या गाडीने आला. घराला कडी पाहून थेट बांधावर आला. मी गुडघाभर चिखलात होते. तो वरून म्हणाला, "आई, लोक काय म्हणतील? मी मुद्दाम माफ करून घेतलं होतं." मी म्हटले, "ती माफी मी आज पंचांना परत दिली. तू बाजूला हो, मालूची पाटी येते."

त्याने बाजूला होऊन मालूला वाट दिली. मग त्याने विचारले, "आपला वाटा कुठून कुठपर्यंत आहे?"

मला वाईट वाटले. याच बांधाच्या भातावर तो मोठा झाला आणि त्याला आपला वाटा ठाऊक नव्हता. पण हातातली पाटी टाकून झाल्यावर मी त्याला दाखवले, मधल्या खुंटापासून बाभळीपर्यंत. त्याने बूट काढले, पाटलोण दुमडली आणि उतरला. दुपारपर्यंत त्याच्या तळव्यांना फोड आले.

संध्याकाळी बैठक झाली. घरे मोजताना आमच्या घराला किती हात, असे पंचांनी विचारले. मी म्हटले दोन. मग मी बोलले आणि मालूही बोलली. बळीराम भावजी म्हणाले, "अठ्ठेचाळीसला त्यो बांध नसता तं आज हितं बैठक नसती. त्यो सोडायचा नाय." यंदा माफीचा बांध राखायचा असे ठरले. पुढच्या साली पुन्हा विचारतील.

रात्री जेवताना मी कमळाकरला पाचवे कलम सांगितले. तो म्हणाला, "आई, आता ते काढून टाक. मी आलो ना." मी म्हटले, "आज सुट्टी होती, म्हणून आलास. सुट्टी नसंल तवा ये." त्याला लागले. लागू दे. त्याच्यावर माझा राग नाही, जीव आहे, आणि जीव आहे म्हणूनच त्याला मी माफ करणार नाही. आज सकाळी मुंबईला जाताना त्याने पुढच्या भांगाची तिथी विचारून घेतली. ती मी सांगितली. कलम पाचवे जसेच्या तसे ठेवले आहे.

सगळा मजकूर यूनुसभायांनी वाचून दाखवला. पाटाचे कलम ऐकून बळीराम भावजी म्हणाले, "दे वयनी. पन आता मना खाली बसवत नाय, गुडगं धरतात." त्यांनी पाट भिंतीला टांगला तरी माझी हरकत नाही.

सहीच्या वेळी यूनुसभाय म्हणाले, "हौसाबाय, अंगठा चालतो. बायकांना सही माफ आहे." मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी दौत पुढे सरकवली. नाव लिहायला वेणूने शिकवले आहे. वेळ लागतो, पण येते.

साक्षीदार:
१. बळीराम चांगा घरत, राहणार वडखार. डाव्या हाताचा अंगठा.
२. मालू तांडेल, राहणार वडखार. डाव्या हाताचा अंगठा. पुढच्या साली सही करीन म्हणते.

लिहिणार: यूनुस इब्राहिम मुकादम, पनवेल. बाईंनी सांगितले तसेच लिहिले आहे, एक शब्द गाळू दिला नाही.

मुक्काम पनवेल, वैशाख शुद्ध नवमी, शके १८८५, गुरुवार, तारीख २ मे १९६३.

सही, माझ्या हातची:
हौसा पदू घरत